एक पाय आईचा, एक पाय सरकारी

जानेवारीचा तिसरा आठवडा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर काय दिसायला लागतं, ते तुम्हाला माहितीये. स्लो मोशनमध्ये फडकणारा झेंडा. धुरातून चालत येणारे बूट. मागे हेलिकॉप्टरचा घरघराट. आणि बीट पडतो त्या नेमक्या क्षणाला गोळीचा आवाज. त्या आवाजाची किंमत मला माहितीये : शून्य रुपये. नेटवर शोधलं की शेकड्यानं मिळतात. डाउनलोड करा, चिकटवा, देशभक्ती तयार.

मी रॅप लिहितो, मराठीत. दिवसा पिंपरीतल्या एका गोदामात स्टॉकच्या नोंदी ठेवतो, रात्री हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसतो. दीड वर्षापूर्वी दिवाळी संपता संपता आमच्या भागातल्या एका मंडळाची पोरं माझ्याकडे आली. २६ जानेवारीला त्यांनी युद्धात जखमी झालेल्या माजी सैनिकांचा सत्कार ठरवला होता. "त्यांच्यावर एक कडक रॅप पाहिजे. तीन मिनिटांचा. हुक असा पाहिजे की अख्खं पब्लिक उभं राहिलं पाहिजे." वर पैसेही देणार होते. मराठी रॅप लिहिण्याचे पैसे मिळणं म्हणजे काय असतं, हे मराठी रॅप लिहिणाऱ्यालाच कळेल.

मी हो म्हटलं. एक तर पैसे. दुसरं म्हणजे जखमी सैनिक हा माझ्यासाठी रीलमधला विषय नव्हता. माझा सख्खा मामा जखमी सैनिक आहे.

पहिल्या रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. रॅप लिहिताना मी आधी यमकांचा साठा करतो. मुख्य शब्द मधोमध लिहायचा आणि भोवती त्याच्याशी जुळणारे शब्द मांडत जायचे. 'बलिदान' लिहिलं की शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात : महान, अभिमान, हिंदुस्तान, जवान. डोळे झाकून सोळा ओळी होतात. मग मी पान उलटलं आणि मधोमध 'जखमी' लिहिलं. त्याच्या भोवती काय जमलं? कमी. हमी. बातमी. नेहमी.

भाषेनंच सांगून टाकलं की हे गाणं वेगळं होणार आहे.

मेलेल्यांचं गाणं आपल्याला येतं

आपल्याकडे मेलेल्या वीराचा मान राखण्याची पद्धत फार जुनी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत देवळाबाहेर वीरगळ उभे असतात. दगडावर एकावर एक चौकटी. खालच्या चौकटीत वीर लढतोय किंवा पडलाय, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो देवाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे त्याची कीर्ती चंद्र-सूर्य असेपर्यंत राहणार. खालून वर वाचायचं हे एक प्रकारचं कॉमिकच. त्यात पडलेला पण न मेलेला माणूस कुठल्या चौकटीत बसणार? अप्सरा त्याला न्यायला येत नाहीत. त्याला न्यायला येतो स्ट्रेचर.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. पण त्याच युद्धातून हात, पाय, डोळे गमावून परत आलेले लोक असतीलच ना? ते गावात परत आले, जमेल तशी शेती केली, म्हातारे झाले, गेले. दगडावर जखमींची नावं कोरायची आपली रीत नाही.

गाण्यांचंही तेच. चीनच्या युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत लता मंगेशकरांनी जे गाणं गायलं, ते आजही ऐकलं की काटा येतो. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल आपल्या सी. रामचंद्रांची. त्या गाण्याबद्दल मला तक्रार नाही. ते शहीदांसाठी आहे आणि शहीदांसाठी असं गाणं असायलाच हवं. पण त्यानंतर साठ वर्षं आपण तेच गाणं वेगवेगळ्या चालींत लिहीत आलोय. रॅप आला तेव्हा फक्त ड्रम बदलले. शेवटच्या कडव्यात जवान मरतोच. तो मेला नाही तर गाणं संपवायचं कसं, हे आपल्याला माहीत नाही.

पोवाड्यातही तसंच. तानाजी पडतो, बाजीप्रभू पडतो, मुरारबाजी पडतो. शाहीर डफावर थाप मारतो, मागचे झीलकरी सूर धरतात आणि अंगावर शहारा येतो. मी स्वतः रॅपकडे पोवाड्याच्या वाटेनंच आलो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोवाडा म्हणताना श्वास कुठं घ्यायचा आणि शब्द कुठं दामटायचे हे कळलं, तेच पुढं कामी आलं. म्हणून मला प्रश्न पडला की आपल्या इतिहासात जखमी होऊन *वाचलेला* कोण?

उत्तर पुण्यातच होतं. महादजी शिंदे. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर पायाला वार बसला. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना वाचवून आणलं. त्यानंतर महादजी जन्मभर लंगडत चालले. आणि लंगडत लंगडत दहा वर्षांनी दिल्लीत शिरले, बादशहाला गादीवर बसवलं, उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांची बसलेली पत पुन्हा उभी केली. १७९४मध्ये पुण्यात वानवडीला वारले. म्हणजे पानिपतानंतर तेहेतीस वर्षं. पानिपतचं नाव निघालं की आपण सदाशिवरावभाऊंवर आणि विश्वासरावांवर रडतो, ते बरोबरच आहे. पण पायाच्या जखमेसकट तेहेतीस वर्षं काम करणं हाही पराक्रमच आहे, फक्त त्यावर डफ वाजत नाही.

वानवडीला महादजींची छत्री आहे. पुण्याच्या त्याच कॅन्टोन्मेंटच्या बाजूला १९४४पासून लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, जिथं सैनिकांना कृत्रिम हात-पाय बसवतात. एवढ्या जवळ या दोन जागा आहेत. माझ्या मामाचा पाय तिथलाच.

मामाचा पाय

मामा बॉम्बे सॅपर्सचा. म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीचा, ज्यांचं केंद्र खडकीला आहे. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं, सुरुंग काढणं ही यांची कामं. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सरहद्दीवर जाऊन उभं राहिलं. ऑपरेशन पराक्रम. राजस्थानपासून वरपर्यंत मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले. दहा महिने दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. युद्ध झालं नाही. ऑक्टोबर २००२मध्ये सैन्य मागं घ्यायचं ठरलं आणि मग ते सगळे सुरुंग एक एक करून काढायचं काम सॅपर्सकडे आलं.

पेरलेला सुरुंग नकाशावर असतो. पण वाळू एका जागी राहत नाही, आणि वाळूबरोबर सुरुंगही सरकतो. मामाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तो अशाच एका सरकलेल्या सुरुंगावर. सुरुंग आपलाच होता. कदाचित त्याच्याच तुकडीनं पेरलेला.

मी तेव्हा चार वर्षांचा होतो. पायाचं माप, दुरुस्ती, सराव यासाठी मामा पुण्याला यायचा तेव्हा मधूनमधून आमच्याकडे उतरायचा. माझी त्याच्याबद्दलची पहिली आठवण म्हणजे रात्री हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला पाय. मोज्या-बुटासकट. आम्ही चुलत भावंडं एकमेकांना पैज लावायचो, कोण जाऊन हात लावून येतं. मामा अंथरुणातून म्हणायचा, "लावा रं लावा, चावत न्हाय तो."

आता मामा साताऱ्याकडं गावी असतो. पिठाची गिरणी चालवतो. दिवसभर उभ्याचं काम. मंडळानं गाणं मागितलं तेव्हा मी त्याच्यावरच लिहायचं ठरवलं, पण आधी त्याला विचारायचं होतं. सैनिकाच्या दुःखावर सैनिकानं रॅप करणं वेगळं. इराक युद्धात अमेरिकन सैनिकांच्या एका गटानं बगदादमध्ये तैनात असतानाच रॅप रेकॉर्ड केला आणि २००५मध्ये 'लाइव्ह फ्रॉम इराक' नावाचा अल्बम आला. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, जखम त्यांचीच होती. मी तर आयुष्यात एनसीसीलाही गेलेलो नाही. दुसऱ्याच्या पायावर उभं राहून टाळ्या घ्यायच्या तर निदान विचारायला तरी हवं.

शनिवारी गावी गेलो. गिरणीवर गर्दी नव्हती. मी सगळं सांगितलं. मामानं पीठ चाळता चाळता ऐकून घेतलं.

"माझ्यावर गाणं?" तो म्हणाला. "त्यात काय लिवणार? आमचं युद्धच झालं न्हाय."

"मामा, पाय तर गेला ना तुमचा."

"गेला. पण गाण्यात गोळी मारणारा लागतो. मला कुणी मारलं? गड्या, तो आपलाच माल होता."

हे तो हसत म्हणाला, पण हसणं लगेच थांबलं. मग सांगायला लागला. गावात सुरुवातीला लोक विचारायचे, "कारगिलला का?" तो म्हणायचा, नाही. "मग कुठं?" पराक्रम म्हटलं की समोरच्याला काही कळायचं नाही. युद्ध जिंकलेलं नाही, हरलेलं नाही, झालेलंच नाही. त्याचा विजय दिवस नाही. काही वर्षांनी मामानं नाही म्हणायचं सोडलं. कारगिल म्हटलं तर नुसती मान हलवायचा. "खोटं बोललो न्हाय. पण खरं सांगायचा कंटाळा आला."

परवानगी त्याने दिली, पण तीन अटी घालून. त्याचं नाव घ्यायचं नाही. पाय गेला तो क्षण दाखवायचा नाही, "त्या टायमाला माझ्यासोबत दुसरा होता, त्याच्या घरच्यांनी ऐकलं तर?" आणि तिसरी, "मला गाण्यात मारायचं न्हाय. तुमच्या गाण्यात शेवटी मरतोच माणूस. मी न्हाय मरणार."

तिन्ही अटी मी मोबाइलवर नोट्समध्ये लिहून घेतल्या. गाण्याचा सांगाडा तिथंच तयार झाला. शत्रू नाही, स्फोट नाही, मरण नाही. देशभक्तीच्या गाण्यातून हे तीन काढले तर काय उरतं? मामा उरतो. सकाळी उठून पाय बसवणारा.

लंगडा ताल

पाय बसवायचा कसा, हे त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दाखवलं. उरलेल्या पायावर आधी मऊ आवरण, मग मोजा, मग सॉकेट. दिवस जाईल तसा तो उरलेला पाय थोडा बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, मग दुपारी आणखी एक मोजा चढवायचा. उन्हाळ्यात घामानं आत कातडी सोलते. रात्री नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो. डॉक्टरांच्या भाषेत त्याला फँटम म्हणतात. मामा त्याला "भूत" म्हणतो. "भूत आलंय," असं म्हणून उठून बसतो.

त्यावर मी तिथल्या तिथं दोन ओळी केल्या :

नसलेला अंगठा खाजतोय, रात्रीचे वाजले दोन,
खाजवायचा कुठं सांगा राव, कुणाला लावू फोन?

मामा एवढा हसला की गिरणीत आलेली एक मावशी दचकली. जखमी सैनिकावरच्या गाण्यात विनोद चालेल का, ही माझी शंका तिथं संपली. ज्याची जखम आहे तो हसतोय, तर मी कोण गंभीर चेहरा करणारा?

मग मी मोबाइल जमिनीवर ठेवला आणि मामाला गिरणीच्या फरशीवरून दहा-बारा फेऱ्या मारायला लावल्या. मागे गिरणीचा पट्टा फटफटत होता. घरी येऊन ते रेकॉर्डिंग लावलं. आवाज असा होता : ठक् आणि टप्, पण दोन्हींमधलं अंतर सारखं नाही. स्वतःच्या पायावर तो जास्त वेळ थांबतो, कृत्रिम पायावर कमी. म्हणजे ठक्... टप्-ठक्... टप्-ठक्.

आता थोडं तांत्रिक. बीट बनवायच्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्वांटाइझ' नावाचं बटण असतं. तुम्ही हातानं वाजवलेला ठोका थोडा मागे-पुढे पडला असेल, तर हे बटण त्याला ओढून चौकटीत नेमका बसवतं. सगळे ठोके शिस्तीत. परेडसारखे. मामाच्या पावलांवर ते बटण दाबलं आणि मामा गायब झाला. राहिला तो कुठलाही जवान, बूट आपटत चाललेला. रीलमधला.

मी अनडू केलं.

हिपहॉप ऐकणाऱ्यांना जे डिला माहीत असेल. डेट्रॉइटचा हा प्रोड्यूसर २००६मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. मशीनवर ड्रम वाजवताना तो ठोके मुद्दाम चौकटीत बसवायचा नाही. त्याचे ड्रम थोडे अडखळतात, थोडे रेलतात, आणि म्हणूनच माणसानं वाजवल्यासारखे वाटतात. मी त्याच्याकडून एवढंच उचललं : मामाच्या पावलांना सरळ करायचं नाही. त्यांनाच ताल मानायचं, बाकी सगळ्यांनी त्यांच्यामागं चालायचं. बेस, डफ, माझा आवाज, सगळ्यांनी. गोळीचा आवाज नाही. तसाही दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की मामा गिरणीचं शटर ओढून आत बसतो. ज्याच्या मानासाठी गाणं आहे, त्यालाच ते ऐकताना कान झाकावे लागले तर काय उपयोग?

एक भीती मात्र होती. माणसाच्या लंगडण्याचा ठेका करणं म्हणजे त्याची नक्कल करणं तर नाही ना? शाळेत पोरं करतात तशी? याचं उत्तर एकच माणूस देऊ शकत होता. पुढच्या खेपेला मामाच्या कानाला हेडफोन लावला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मिनिटभरानं म्हणाला, "हे सपाटीवरचं हाय. चढाचं येगळं असतंय."

"म्हणजे?"

"चढाला आधी चांगला पाय टाकायचा, मग हा. उताराला उलटं, आधी हा, मग चांगला. पुण्यात शिकवत्यात तसं. मी तर गावात सारखा चढ-उतारच चालतो की."

मग आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन पुन्हा रेकॉर्डिंग केलं. वर जाताना एक, खाली येताना एक. गाण्याची तीन कडवी झाली : सपाटी, चढ, उतार. हे मला एकट्याला सात जन्मात सुचलं नसतं.

हुकमध्ये काय ठेवायचं

आता हुक. रॅपमध्ये कडवं कितीही भारी असो, लोकांच्या तोंडी हुकच राहतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४चं गाजलेलं गाणं, 'बॉर्न इन द यूएसए'. त्यातला नायक व्हिएतनामहून परतलेला सैनिक आहे आणि त्याला काम मिळत नाही. कडव्यांत हे सगळं स्पष्ट आहे. पण हुक इतका दणदणीत की लोकांनी मुठी उंचावून तो गायला, झेंडे फडकवले. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात अध्यक्ष रेगननी भाषणात स्प्रिंगस्टीनचं नाव अभिमानानं घेतलं. परतलेला सैनिक कडव्यातच राहिला, हुक त्याला न घेताच पुढं निघून गेला.

त्यावरून मी एक नियम केला. सैनिकाची गरज कडव्यात लपवायची नाही, हुकमध्येच ठेवायची. म्हणजे गाणं नुसतं ओरडणाऱ्यालाही तीच ओरडावी लागेल.

मग गरज काय? मामाला विचारलं तर त्यानं एका सत्काराची गोष्ट सांगितली. कुठला, ते महत्त्वाचं नाही. पाच-सहा जखमी सैनिकांना बोलावलं होतं. स्टेज चार फूट उंच, वर जायला कठडा नसलेल्या फळीच्या पायऱ्या. दोन पोरांनी मामाला उचलूनच वर नेलं. पोरं बिचारी प्रेमानं करत होती. मग शाल, श्रीफळ, आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. पाऊण तास. त्याच्या शेजारचा माणूस व्हीलचेअरवर होता. तो मामाच्या कानात म्हणाला, "मी तरी बसलोय."

"लोकांना वाटतं आम्हाला सलामी पाहिजे," मामा म्हणाला. "मला खुर्ची पाहिजे हुती."

हुक तिथंच झाला. पहिली ओळ मामाच्याच एका जुन्या विनोदातून आली. कुणी पायाबद्दल विचारलं की तो म्हणतो, एक पाय आईनं दिलाय, एक सरकारनं.

एक पाय आईचा, एक पाय सरकारी,
दोघांची मिळून चालू रोजची वारी.
ढोल नको, तोफ नको, नको ललकारी,
बसायला खुर्ची दे, तीच सलामी भारी.

आणि पहिल्या रात्री सापडलेली यमकं शेवटच्या कडव्यात आली :

पान सातवर, तळाला, दोन ओळींची बातमी,
नाव नाही, गाव नाही, 'एक जवान जखमी'.
चौक नाही, पुतळा नाही, घोषणाही कमी,
तिथी असते शहिदाला, जखम असते नेहमी.

मंडळाची मीटिंग

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या पोरांना गाणं ऐकवलं. गाणं संपल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्ष म्हणाला, "भावा, मस्त झालंय. पण थोडं स्लो वाटतंय." दुसरा म्हणाला, "पाकिस्तानवर एक तरी लाइन पाहिजे. पब्लिक त्यालाच उठतं." तिसरा म्हणाला, "मधी दोन फायर टाकू. गोळीचे."

मी त्यांना सुरुंगाचं कडवं पुन्हा ऐकवलं. त्यात या दोन ओळी आहेत :

पेरले होते आम्हीच ते, नकाशा काढून तयार,
वाळूला कुठं वाचता येतो नकाशा, हवालदार?

"यात शत्रू कुठं घालू?" मी विचारलं.

इथं मला त्या पोरांबद्दल वाईट बोलायचं नाहीये. ती मनापासून करत होती. वर्गणी जमवून जखमी सैनिकांना बोलवावं असं त्यांना स्वतःहून वाटलं होतं, हे काय कमी आहे? पण त्यांच्या डोक्यातला जखमी सैनिक म्हणजे अजून रणांगणावरच पडलेला सैनिक होता. रक्त ताजं, शत्रू समोर. शत्रूला शिवी दिली की जखमेचा मान राखला, असं सरळ गणित. त्या गणितात गिरणी बसत नाही. दुपारचा दुसरा मोजा बसत नाही.

इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलंच सुवर्ण. पद्मश्री कधी मिळाली? २०१८ला. सिनेमा कधी आला? २०२४ला. गोळ्यांच्या क्षणाची दखल लगेच घेता येते. त्यानंतरच्या रोजच्या पोहण्याची दखल घ्यायला आपल्याला सेहेचाळीस वर्षं लागली.

आम्ही तासभर वाद घातला. गोळी मी टाकली नाही, पाकिस्तानची लाइनही नाही. शेवटी त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी तयार गाणं वाजवायचं ठरवलं. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

२६ जानेवारीला मी तरीही कार्यक्रमाला गेलो. झेंडा, धूर, तोफांच्या आवाजाचं गाणं, सगळं होतं. पण स्टेज नव्हतं. मैदानातच गालिचा टाकला होता, पहिल्या रांगेत हात असलेल्या सहा खुर्च्या, व्हीलचेअरसाठी बाजूला मोकळी जागा. माजी सैनिक बसून राहिले आणि पाहुणे एकेकाजवळ चालत गेले, वाकून शाल दिली. अध्यक्ष लांबून माझ्याकडे बघून म्हणाला, "खुर्च्या बघितल्या का?"

गाणं वाजलं नाही, पण त्याचा हुक त्या मैदानात मांडलेला होता. रॅप लिहायला लागल्यापासून माझ्या शब्दांनी केलेलं हे सगळ्यात मोठं काम असेल.

पुढचं कडवं

गाणं मी नंतर यूट्यूबवर टाकलं. व्ह्यूज फार नाहीत. देशभक्तीची प्लेलिस्ट लावणाऱ्याला ते पुरेसं देशभक्तीचं वाटत नाही आणि रॅपवाल्यांना त्यात शिव्या नाहीत. दोन-तीन कमेंट अशा आल्या की त्यांचे वडीलही सॅपर होते, तेही पराक्रमला होते. एकानं विचारलं, "हे गाणं कुठल्या युद्धावर आहे?" मी उत्तर लिहिलं, "न झालेल्या." मग वाटलं तुटक झालं, म्हणून खाली जोडलं, "आणि अजून चालू असलेल्या."

मला वाटतं, देशभक्तीच्या गाण्याचा काळ कुठला, हे आपण तपासायला हवं. शहीदाचं गाणं भूतकाळात चालतं. तो लढला, तो पडला. जखमीचं गाणं वर्तमानकाळातच लिहावं लागतं. तो उठतो, पाय बसवतो, शटर उघडतो. आणि वर्तमानकाळातल्या माणसाचे उपकार नुसते आठवून चालत नाहीत. त्याच्याशी वागावं लागतं. रांगेत जागा द्यावी लागते, पायरीला कठडा लावावा लागतो, "कारगिलला का?" याच्या पुढचा प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ते गाणं लिहायला अवघड आहे. ऐकून झाल्यावरही ते काहीतरी मागतं.

मामाला गाणं आवडलं का, असं मला बरेच जण विचारतात. त्याने रिंगटोन वगैरे काही ठेवलेली नाही. गिरणीत जुनी गाणीच लागतात. पण परवा फोनवर मामीशी बोलत होतो, तर ती म्हणाली, "सगळं खरं लिवलंस. पर एक गोष्ट सुटली."

"कोणती, मामी?"

"पहिली दोन वर्सं हा माणूस बोलत नव्हता. रात्री उठून बसायचा. गिरणी कुणी चालू केली? कर्ज कुणी काढलं? तुझ्या गाण्यात मामाचे दोन पाय हायती, एक आईचा, एक सरकारी. तिसरा कुठाय?"

मी म्हटलं, "मामी, तुमच्यावर एक कडवं लिहितो."

"लिव की. पर मामाला इचारलंस तसं मलाबी इचार. आणि बसून न्हाय इचारायचं. सुट्टी काढून ये, दोन दिस गिरणी चालव, पिठात उभा राहा. मग सांगते."

रजेचा अर्ज टाकलाय. रेकॉर्डिंगसाठी मोबाइल नेणार आहे, पण बीट अजून ठरवलेला नाही. मामीची चाल कशी आहे, हे इतक्या वर्षांत मी कधी कान देऊन ऐकलेलंच नाही.